नऊ नंबरच्या वाटेवर

विनीतने कागद भिंतीवर लावला आणि चारी कोपरे अंगठ्याने दाबले.

"मावशी, हा तुमचा कालचा दिवस."

सगुणाने ओले हात एप्रनला पुसले. कागदावर चौथ्या मजल्याचा वॉर्ड आखला होता. नर्सचं टेबल, चादरींचं कपाट, अकरा खाटा. त्यांच्यामधून तिच्या चालण्याच्या लाल रेघा धावत होत्या. काल दिवसभर तिच्या कमरेला पावलं मोजणारं यंत्र होतं आणि मागोमाग वही घेतलेला विनीत. दुपारी तिनेच त्याला खुर्ची दिली होती. दमलं असेल पोर, म्हणून.

घोडबंदर रोडवरच्या या रुग्णालयाने कामात सुधारणा करायला घेतली होती. वाया काय जातं ते शोधायचं, मोजायचं, काढून टाकायचं. विनीत त्यासाठीच आलेला. त्याने हळू आवाजात सगळं समजावलं. सतरा हजार पावलं. नऊ नंबरच्या खाटेकडे एकोणीस खेपा, त्यातल्या चौदा बिनकामाच्या. हातात ना चादर, ना भांडं. नुसतं दारातून डोकावून परत. एवढं वगळलं, तर वॉर्डातल्या तिघी मावशींचं काम दोघींत होतं. एक तारखेपासून दोघीच. सगळ्यांत जास्त वाया चालणारीचं, म्हणजे सगुणाचं नाव कमी करायला वर गेलं होतं.

"तुमच्यावर राग नाही हां मावशी. हे फक्त पद्धतीबद्दल आहे."

अकरा वर्षं सगुणा कोपरीहून सकाळी सातच्या आत इथे येत होती. तिने टेबलाकडे पाहिलं. इन्चार्ज देवयानी सिस्टर मान खाली घालून औषधांच्या चिठ्ठ्या लावत होती. लावलेल्याच पुन्हा लावत होती.

नऊ नंबरची खाट वळणापलीकडच्या खोलीत, टेबलावरून न दिसणारी. तिथली बेल चार महिने मेलेली. देवयानीने तीनदा तक्रार लिहिली. मग तपासणी आली. तक्रारींच्या फलकावर सगळं हिरवं दिसलं पाहिजे, एकही तक्रार शिल्लक नको, असा वरून निरोप आला. देवयानीने तिन्ही तक्रारींवर 'काम पूर्ण' असा शेरा मारला, कागद ड्रॉवरमध्ये सरकवले आणि सगुणाला म्हणाली, तू जरा नऊवर नजर ठेव गं, कुठे बोलू नकोस. सगुणा बोलली नाही. चालत राहिली.

आता देवयानी चिठ्ठ्यांतून मान वर काढत नव्हती.

सगुणाचा आवाज खालच्या पट्टीत आला.

"माझा बापूस खाडीवर जायचा. जाळी विणायचा. कोणाचंही जाळं हातात घेतलं, की सांगायचा कुठे फाटलेलं ते."

"कसं काय?"

"सांधल्याच्या गाठी दाट असतात तिथे." नऊ नंबरपाशी लाल रेघांचा गुंता झाला होता. तिने त्यावर बोट ठेवलं. "माझ्यामागे दिवसभर फिरलात. इथे काय फाटलंय, ते एकदा तरी विचारलंत?"

विनीतने वही उघडली, पुन्हा मिटली.

"चला." सगुणा नऊ नंबरकडे वळली.

नऊ नंबरला धोंडीबा पडून होते. अर्धांगवायूने त्यांची वाचा नेली होती. सगुणाने विनीतला त्यांच्या उशाशी बसवलं आणि बेलचं बटण त्याच्या हातात दिलं. धोंडीबांनी बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे डोळे दाराला लागलेले.

"तुम्हाला पाणी पाहिजे. दाबा. हाक मारायची नाही, यांना मारता येत नाही. मी तुमच्या कागदाप्रमाणे बाहेर बसते."

ती वळण ओलांडून परत आली, टेबलाशेजारच्या स्टुलावर बसली आणि पाय आत ओढून घेतले. इतकी वर्षं त्या स्टुलावर ती कधी टेकली नव्हती.

"सगुणा, काय चालवलंयस हे?" देवयानी पुटपुटली.

सगुणाने भिंतीवरच्या बेलच्या दिव्यांच्या पाटीकडे पाहिलं. मग देवयानीनेही पाहिलं. अकरा दिव्यांची ओळ. नववा काळा. तो काळाच राहिला. चिठ्ठ्यांवरून फिरणारा देवयानीचा हात थांबला. एक मिनिट गेलं, दोन गेली. सगुणाचे गुडघे आपोआप उठायला बघत होते. तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरले. तिथे म्हातारा एकटा नाही, एवढंच ती मनाशी घोकत राहिली.

सातव्या मिनिटाला वळणापलीकडे बूट वाजले. तिने मोजले. एक, दोन, तीन... चौतिसाव्या पावलाला विनीत समोर उभा राहिला. बटण दाबून त्याचा अंगठा लाल झाला होता. त्याने कागदावरचा गुंता बघितला, मग भिंतीवरचा काळा दिवा.

सगुणाने कमरेला अजून तसंच असलेलं यंत्र सोडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"घ्या. तुमची चौतीस यात आली नाहीत."

ती उठली आणि पेल्यात पाणी ओतून नऊ नंबरकडे निघाली. मागे देवयानीने तक्रारींचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.