दोन बाय दोनचा रस्ता

लॅबवालीने रस्ता नापास केला. पण असं काही घडलेलंच नाही, असं साहेबांनी ठरवलंय. तेव्हा आपणही काही ऐकलं नाही असं धरून पहिल्यापासून सुरुवात करू.

सकाळी ती वजनकाटा, छिन्नी-हातोडा आणि वाळूचा डबा घेऊन साइटवर उतरली. चार किलोमीटरच्या मातीकामात एक चौकोन चुन्याने आखून ठेवलेला. दोन मीटर बाय दोन मीटर, तुळतुळीत.

"तपासणीची जागा," साइट इंजिनियर म्हणाला. "तुमचा वेळ वाचावा म्हणून."

रोलर चालवणारे तिचे सख्खे काका मान खाली घालून उभे होते. "दोन दिवस एवढ्याशा तुकड्यावर फिरतोय गं. काल जेवायला बसलो तेही ताटाला दोन फेऱ्या मारून."

"आणि बाकीचा रस्ता?"

"त्याला रोलर लांबून दाखवलाय."

तिने चौकोनात खड्डा घेतला. निघालेली माती तोलली, खड्डा मोजून वाळूने भरला. माती किती नि खड्डा केवढा, यावरून दाबणी कळते. हवी सत्त्याण्णव टक्के, आली नव्याण्णव. इंजिनियरने टाळी वाजवली. मग दुसरी जागा नशिबावर सोडून तिने रस्त्याकडे पाठ केली आणि डोक्यावरचं हेल्मेट मागे भिरकावलं. ते पडलं रस्त्यातच मांडलेल्या इंजिनियरच्या खुर्चीपाशी.

"उठा. दुसरा खड्डा इथे."

"अहो मॅडम, इथे मी बसतो!"

"बरंच झालं. थोडीफार तुम्ही दाबली असेल."

खुर्चीचे पाय चार बोटं रुतले होते. दाबणी आली ब्याऐंशी.

दुपारी ऑफिसात तिच्या साहेबांनी तिचा अहवाल टेबलावरून परत सरकवला. "खुर्चीचा आकडा खोड. वर्षाचा तुझा करार सहीसाठी याच टेबलावर पडलाय, विसरू नकोस."

"खोडणार नाही, साहेब."

"मग हा अहवाल मला मिळालाच नाही."

"मग करारही मिळाला नाही म्हणा," असं म्हणत तिने तो उचलला, अहवालाच्या मागे टाचला, आणि उभ्याउभ्याच खाली लिहिलं:

'वरील दोन्ही आकडे खरे आहेत. तरी, अवजड ट्रकसह सर्व वाहनांनी सदर चार किलोमीटरचा प्रवास फक्त चुन्याने आखलेल्या चौकोनातूनच करावा, असा आदेश तातडीने काढण्यात यावा, ही नम्र विनंती.'