दोराचं दुसरं टोक

डोमानं दोराचं टोक कहूच्या बुंध्याभोवती फिरवलं, गाठ मारली आणि हिसका देऊन पाहिली. गाठ बसली. उजव्या अंगठ्यात आता जोर राहिला नव्हता, म्हणून पाय रोवून पुन्हा एकदा ओढलं. मग जाळं खांद्यावर घेऊन तो पाण्यातल्या डोंग्याकडं वळला, तोच तळ्याच्या पाळीवरून आवाज आला.

"काहो डोमाभाऊ, आज झाडाले कामाले लावलं काय?"

शेजारची गिरजा होती. शेळ्या घेऊन रानाकडं निघाली होती.

"झाड तरी काय करून राह्यलं दिवसभर? उभंच तं हाय."

"अन् चंचल?"

"निजली हाय. निजू दे."

"आज शेवटचा दिवस होय ना तिच्या अकरावीच्या फारमाचा? आर्ट्स घेते म्हने. बरं झालं बाप्पा. नजरेसमोर राहीन तुमच्या."

डोमानं जाळं डोंग्यात टाकलं. गिरजा शेळ्यांना हाकत निघून गेली.

हे जाळं दोघांचं. एकानं काठावर दोर धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं डोंग्यातून जाळं सोडत सोडत पाण्याला वळसा घालायचा. मधे बेशरमाची झुडपं इतकी माजलेली की डोंग्यातून काठावरचा माणूस दिसत नाही. म्हणून वळण्याआधी डोंग्यातल्यानं हाक द्यायची, "हाय काय?" काठावरून "हाय!" आलं की मगच डोंगा फिरवायचा. दोर सैल पडला तर जाळ्याचा तळ उचलला जातो आणि मासोळी खालून निघून जाते. साऱ्या ढिवरांची हीच रीत. डोमाच्या हाकेला आधी त्याची बायको मनकर्णा ओ द्यायची. ती गेली, तेव्हापासून तिच्या जागी नात चंचल उभी राहू लागली. चंचलची आई लहानपणीच वारली होती. बाप लटारू मिरची तोडायला तेलंगणात गेला तो तिकडंच रमला. घरात दोनच माणसं, आणि दोराला टोकंही दोनच.

काल संध्याकाळी चंचल चुलीसमोर बसून भात उपसत होती. तिनं मागं न बघताच सांगितलं, "आबाजी, मी आर्ट्सच घेतो. सावलीले जाऊन उद्या फारम भरून येतो."

फॉर्म कशाचाही असो, तो सावलीलाच भरायचा. आर्ट्सचा वर्ग शेजारच्याच गावात होता. सायकलनं जायचं, दुपारी परत यायचं. सायन्स घ्यायचं तर गडचिरोलीला वसतिगृहात राहायचं आणि घर दिसायचं ते दिवाळीला. तिच्या शाळेतले प्रफुल सर दोनदा घरी येऊन गेले होते. एकदा सायन्स सोडलं की मागून तिकडं वळता येत नाही, हे त्यांनी डोमाला समजावून सांगितलं होतं. डोमानं मान हलवली होती आणि सरांना चहा दिला होता.

"तुले सायन्स नाई पायजे?"

"नाई. लय कठीन रायते म्हनतात."

डोमानं फळीकडं पाहिलं. दहावीची सारी पुस्तकं तिनं मागच्या गल्लीतल्या दिव्यानीला देऊन टाकली होती. विज्ञानाची दोन तेवढी फळीवरच होती, पिशवीत नीट गुंडाळलेली. मनकर्णाच्या तापात सावलीच्या दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या बाईनं या पोरीला काचेखाली आजीच्या रक्ताचा थेंब दाखवला होता. परत येताना बसमध्ये ती सारा रस्ता त्याच थेंबाबद्दल बोलत होती. त्या वेळी डोमाचं लक्ष नव्हतं. पण आठवण राहिली.

"माह्यासाठी घेत असशीन तं घेऊ नको," तो म्हणाला.

"तुमच्यासाठी काऊन घेईन? तुमी काय लाट साहेब हाय काय?"

दोघंही हसले. मग ती हळूच म्हणाली, "मी गेलो तं तुमच्या हाकेले ओ कोन देईन?"

"झाडाले बांधीन दोर."

"झाड बोलते काय?"

याचंच उत्तर शोधायला तो आज तिला न उठवता निघून आला होता.

डोंगा सरकला. तो एका हातानं बांबू रेटत होता, दुसऱ्या हातानं जाळं पाण्यात सोडत होता. मृग लागून गेला तरी पाणी खालीच होतं, चिखलाचा वास वर येत होता. झुडपांच्या पलीकडं गेल्यावर काठ दिसेनासा झाला. जाळं ताणलं गेलं. वळायची वेळ झाली, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून हाक निघून गेली.

"हाय काय?"

पाण्यावरून हाक पलीकडं गेली. पाणकावळा उडाला. डोमा स्वतःवरच ओशाळला आणि बांबू रेटू लागला.

तेवढ्यात हातातलं जाळं ढिलं झालं.

त्यानं ओळखलं. गाठ सुटत होती. डोंगा बांधायची गाठ त्यानं झाडाला मारली होती. ती गाठ एकसारख्या ओढीला टिकते, पण ओढ इकडंतिकडं फिरली की हळूहळू सरकते. अंगठा धड असता तर फरक पडला असता, कदाचित नसताही पडला. जाळ्याची वरची तरंगती बोंडं पाण्यावर वाकडी होऊ लागली.

डोमानं बांबू थांबवला. त्याच्या छातीतून काहीतरी उतरलं, ओझं उतरावं तसं. आता घरी जाऊन सांगायचं, नाई जमत बेटा एकट्याले. खोटं नव्हतंच ते. ती आर्ट्स घेईल, दुपारी सायकलची घंटी वाजेल, संध्याकाळी चुलीसमोर तिची पाठ दिसेल. त्यानं डोळे मिटले, आणि आपण कशाची वाट बघतोय हे कळल्यावर त्याला डोळे उघडवेनात.

दोराला हिसका बसला.

जाळं पुन्हा ताठ झालं. बोंडं सरळ रांगेत आली. त्यानं हलकेच ओढून पाहिलं. दोर पक्का होता. एखाद्या मुळीत अडकला असेल, असं मनाशी म्हणत त्यानं डोंगा वळवला. झुडपांच्या आडच काठाला लागला आणि एकट्यानं जाळं ओढायला बसला. कंबर भरून आली, दोनदा थांबावं लागलं, पण जाळं आलं. चार रोहू, एक मरळ आणि बाकी बारीक मासोळी. फार नव्हती, पण एकट्या माणसानं ओढलेली होती.

टोपली भरून तो कहूच्या झाडापाशी आला, तेव्हा ऊन पाळीवर चढलं होतं. दोर सोडायला वाकला आणि हात तसाच राहिला.

गाठ त्याची नव्हती.

बुंध्याला दुहेरी वेढा होता आणि टोक उलटं फिरवून आत खोचलेलं होतं. अशी गाठ मनकर्णा मारायची, माहेरून शिकून आलेली. तिनं ती एकाच पोरीला शिकवली होती. ओल्या चिखलात चपलांचे ठसे झाडापाशी आले होते. तिथं बराच वेळ पाय हलवल्यासारखा चिखल तुडवला होता. मग ते ठसे पाळीवर चढून बसच्या रस्त्याकडं गेले होते.

इथून हाक ऐकू न येणं शक्य नव्हतं. ऐकूनही तिनं ओ दिली नव्हती, दोर झाडाच्या हवाली करून गेली होती.

डोमा झाडाला टेकून बसला. बस कधीच निघून गेली होती. रस्त्यावर धूळसुद्धा उरली नव्हती.

शेळ्या पाणी प्यायला उतरल्या, त्यांच्या मागून गिरजा आली. तिनं टोपलीत डोकावून पाहिलं.

"बापा! झाडानं बरीच मासोळी देली की. अन् पोरगी गेली काय सावलीले?"

"गेली."

"आर्ट्सच ना?"

"सायन्स."

"आँ? सांगून गेली काय तुमाले?"

"नाई," डोमा म्हणाला, आणि गाठ सोडवायला वाकला. गाठ घट्ट होती. बराच वेळ लागला.