बांबूतला भाडेकरू

तिसरं फळही गळलं. बोटाएवढा भोपळा पिवळा पडून कुंडीत आडवा झाला होता. सिस्टरांनी तो उचलला, दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि कागदात गुंडाळून तडक नर्सरी गाठली.

चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेली बाई. रिटायर झाल्यावरही अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. लग्न त्यांनी केलं नाही, थोरल्या बहिणीनेही नाही. दोघींनी दोन खोल्यांत जन्म काढला. ताई थंडीत गेली. मागे राहिली तिची बाल्कनी आणि औषधाच्या बाटलीत भोपळ्याच्या पाच बिया. आईच्या वेलाचं बी ती दरवर्षी जपून धरायची. सिस्टरांनी पाचही लावल्या, चार जास्तीच्या पाण्याने कुजल्या. आता या एका वेलाला फळ धरलं नाही, तर आईचा भोपळा कायमचा संपला.

नर्सरीवाल्या काकांनी कागद उघडला.

"मधमाश्या, भुंगे येतात का हो फुलांवर?"

"माझ्याकडे?" सिस्टरांचा आवाज चढला. "एक किडा दाखवा, म्हणाल ते हरते."

"मग बरोबर आहे. नरफुलातली पिवळी भुकटी मादीफुलाला लागली तर फळ धरतं. ती कोणी लावायची? तुम्ही?" काका हसले. "घराचं थिएटर केलंत, सिस्टर."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांना बांबू आठवला.

वेलासाठी बांधलेल्या त्या बांबूत एक काळा भुंगा राहायचा. ताई त्याला भाडेकरू म्हणायची. "आमचे भाडेकरू उठले बघ," म्हणत रोज चहा घेऊन स्टुलावर बसायची. सिस्टरांचं डोकं फिरायचं.

"चावेल एक दिवस."

"तुझ्यापेक्षा कमीच चावेल गं."

ताई गेल्यावर तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी घर फिनाइलने धुऊन काढलं, कुंड्यांवर औषध फवारलं आणि बांबूच्या भोकात कापूस कोंबून वर चिकटपट्टी मारली. चार पदरी, जखम बांधावी तशी. दुःखात माणूस काहीतरी करत सुटतो. त्यांना येत होतं ते हेच.

नर्सरीतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मादीफूल उमललं. सिस्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले. चिमट्यात कापसाचा बोळा धरला, नरफुलात फिरवला आणि अलगद मादीफुलाला टेकवला. हात जराही हलला नाही. मग थिएटरातल्या सवयीने बोळे मोजले. एकच होता.

"झालं गं, ताई," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांत फळ लिंबाएवढं झालं, हिरवंगार. गळलं नाही. ते आता टिकणार, हे कळल्यावर सिस्टरांना बांबूकडे बघणं टाळायला निमित्त उरलं नाही. उन्हाळ्याचं पहिलं कडक ऊन बाल्कनीत उतरलं होतं. त्यांनी पट्टी सोडवली, कापूस ओढला. तो आतल्या बाजूने कुरतडलेला होता. निम्म्यापर्यंत.

बांबू तिरका केल्यावर भुंगा तळहातावर पडला. कोरडा, काळा, वजन म्हणून नाही. निम्मा कापूस कुरतडेपर्यंत तो आत जिवंत होता आणि आपण बाल्कनीच्या खिडकीशी, आतून, रोज एकट्याने चहा पीत होतो, हे मनात आलं आणि त्यांना रडू फुटलं. ताई गेली तेव्हा कागदपत्रं, फोन, माणसं. रडायचं राहूनच गेलं होतं. ते सगळं आज आलं.

भुंगा त्यांनी वेलाच्या मुळाशी पुरला. औषधाचा फवारा कचऱ्यात टाकला. बांबू पुन्हा जागेवर बांधला, भोक उघडं ठेवून.

भोपळा मुठीएवढा झाला असेल, तेव्हा एका सकाळी गुणगुण ऐकू आली. सिस्टरांचा हात आपसूक वर्तमानपत्राकडे गेला. घडी उचलली, तशीच खाली ठेवली. नवा भुंगा बांबूभोवती दोनदा फिरला, भोकात डोकावला आणि समोरच्या भिंतीपलीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्या चहा घेऊन बाहेर आल्या आणि आजवर कधी बसल्या नव्हत्या त्या ताईच्या स्टुलावर बसल्या. चहा संपला तरी उठल्या नाहीत.

"ये रे," भिंतीकडे बघत त्या हळूच म्हणाल्या. "जागा रिकामीच आहे."