भिंतीतली मोकळी जागा

"फोनातल्या त्या खेळात माणूस मेला की काय होतं?" आईने विचारलं.

"काय नाय. परत पहिल्यापासून सुरू."

"जाळायचं-पुरायचं काय नाय?"

"नाय गं. बटण दाबलं की उठून उभा."

"बरं हाय त्याचं," आई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

ही आई म्हणजे माझी सासू, बुधीबाई. आम्ही दोघी अंगणात ताडपत्रीखाली बसलो होतो. त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन सारखी हलायची. तलासरीपासून इकडे सरावलीपर्यंत माणसं घरं सोडून अंगणात राहत होती. त्या दिवशी सकाळी मोठा धक्का बसला तेव्हा मी बोअरिंगवर हंडा भरत होते. धावत आले तर आई दारातून बाहेर पडत होती. तांदळाचा डबा आत, कोंबडी आत, आणि पदरात गुंडाळलेला नविनचा फोन. याच फोनला ती दीड वर्ष शिव्या घालत होती.

"कोंबडी सोडून हा आणला?" मी विचारलं.

"त्याचं गाव हाय ना त्याच्यात," ती म्हणाली.

नविन तिचा मुलगा, माझा नवरा. गुजरातेतल्या ओखा बंदराच्या बोटीवर खलाशी होता. दोन हजार सतराच्या गणपतीनंतर गेला आणि दिवाळीच्या सुमारास समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून अख्खी बोट पाकिस्तानात धरून नेली. बरा आहे, एवढा निरोप एकदा आला. मग काही नाही. समुद्रात फोन भिजतो म्हणून तो फोन घरी ठेवून गेला होता. त्यात त्याचे खेळ होते. त्याचे कपडे आणि चपला सोडल्या तर माझ्याकडे त्याचं तेवढंच होतं. म्हणून मी खेळायला लागले. आधी मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता विचाराल त्या खेळाचं सांगते.

पळायचा खेळ सगळ्यात भिकार. मागे कोणीतरी लागलंय आणि माणूस पळतोय. कुठे पोचायचं आहे म्हणाल तर कुठेच नाही. आपटून मरेपर्यंत पळायचं. नविनला तो फार आवडायचा. मी म्हणायचे, अरे, त्याला घर तरी द्या.

गाड्यांचा खेळ दिसायला झकास, पण खोटा. एवढा मोठा हायवे आणि एक म्हैस आडवी येत नाही. तलासरीच्या नाक्यावर एकदा चालवून दाखवा म्हणावं. रंगीत गोळ्या जुळवायचा खेळ बायकांना आवडतो म्हणतात. मी डहाणूला फुग्याच्या कारखान्यात आहे. दिवसभर रंगीत फुगे फुगवून कुठे भोक आहे ते बघते. घरी येऊन परत लाल-पिवळं निवडायला मला काय वेड लागलंय? आणि शेतीचा खेळ म्हणजे घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. इथे वरीला खुरपणी झालेली नसते आणि तिथे फोन ओरडतो, तुमचा गहू सुकला. क्रिकेट मात्र चांगलं. त्यात हरलं तरी कोणी मरत नाही.

बंदुकीचा खेळ मी उघडलाच नाही. माझा माणूस बंदूकवाल्यांनीच बोटीवरून उतरवून नेला.

राहिला गावाचा खेळ. गाव वसवायचं, घरं बांधायची, सोनं साठवायचं आणि भोवती भिंत घालायची. तुम्ही झोपलात की कुठलीतरी माणसं येऊन लुटून जातात. आयत्या बिळावर नागोबा सगळे. हा खेळ मला सगळ्यात आवडतो आणि याचाच मला सगळ्यात राग येतो, कारण तो खरा आहे. तुम्ही घरी नसलात की तुमचं काही राहत नाही, एवढंच तो सांगतो.

जायच्या आदल्या संध्याकाळी नविनने त्या गावाची भिंत जवळजवळ पूर्ण केली होती. फक्त बोरीच्या झाडापाशी एक तुकडा घालायचा राहिला. मी म्हटलं, घाल की. तर म्हणाला, "राहू दे. तिथं मी तोफ बसवणार, परत आल्यावर. तू हात लावू नको, जयवंती."

मी नाही लावला. बाकी सगळं मी वाढवलं. घरं मोठी केली, पहारेकरी ठेवले, भिंत दगडाची होती ती लोखंडाची केली. तेवढी जागा मोकळी ठेवली. चोर रोज तिथूनच शिरायचे. ताडपत्रीखालच्या त्या दिवसांत आईही माझ्या खांद्यावरून बघायला लागली. पहिल्यांदा तिने कपाळावर हात मारला.

"दिवसभर फुग्याची भोकं शोधतेस आणि हे दिसत नाय तुला? बुजव ते."

"ती नविनची जागा हाय. तो आल्यावर घालणार हाय."

त्यानंतर तिने कधी बुजव म्हटलं नाही. रोज सकाळी फक्त विचारायची, "आज किती नेलं गं मेल्यांनी?"

एप्रिलात बातमी आली की तिकडे धरलेले खलाशी सोडताहेत. कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी तेच. मी नविनचे कपडे धुवून ठेवले. आईने अंगण सारवलं आणि एक कोंबडा राखून ठेवला. मग एक दिवस दुपारी माझ्या शेजारी बसणारी लाडकी म्हणाली, "तलासरीकडचा काकड्या आला. तुझ्या नविनच्या बोटीवरचा."

"आणि नविन?"

"ते मला ठाव नाय बाय." ती माझ्याकडे न बघता फुगा बांधत होती. भोक शोधायला फुगवलेला फुगा कोणी बांधत नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाडा केला. आई म्हणाली, "जा, विचारून ये. मी हितंच बसते." एसटीने तलासरीला उतरले आणि पुढे डोंगराकडच्या पाड्यावर रिक्षाने गेले. काकड्या घरासमोर बाजेवर बसला होता. केस बारीक कापलेले, गालफडं आत गेलेली. मला बघून तो उठला आणि परत बसला. त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि ती आत निघून गेली.

मला जे विचारायचं होतं ते सोडून मी भलतंच विचारलं. "तिकडं वेळ कसा जायचा, दादा?"

"नविन होता ना." त्याला जरा हायसं वाटलं. "खेळाच्या गोष्टी सांगायचा. फोन नाय, काय नाय, नुसता तोंडानं खेळायचा. मला बोलायचा, चल, आता तू पळ, मागं अस्वल हाय."

"पळायचा खेळ भिकार हाय," मी म्हटलं.

"तो पण तसाच बोलायला लागला नंतर. बोलायचा, यात घर नाय."

मला हसू आलं. मग मी गाड्यांच्या खेळाचं विचारलं, क्रिकेटचं विचारलं. काकड्या सांगत होता आणि मी एकेका मुद्द्यावर भांडत होते. एक खेळ संपला की मी दुसरा काढत होते. खेळ संपले असते तर मला ते विचारावं लागलं असतं. त्यालाही कळत होतं. तोही लांबवत होता बिचारा.

"आणि गावाचा?" शेवटी मी म्हटलं.

काकड्याने हाताने जमीन साफ केली आणि काडीने गोल काढला. "असा कोळशानं काढायचा तो, फरशीवर. पुसला गेला की परत काढायचा. पण पुरा गोल नाय करायचा. हितं जागा सोडायचा." त्याने काडी बोरीच्या जागेवर टेकवली. "मी बोललो, अरे, चोर शिरतील. तर बोलला, शिरू दे. मला पण हितूनच आत जायचंय, जयवंतीनं ठेवली असंल."

त्याने काडी खाली ठेवली. मीच विचारलं, "कधी?"

"होळीच्या आधी. कावीळ झाली. इस्पितळात नेला, मग परत आणलाच नाय. आम्हाला नंतर सांगितलं." तो डोळे पुसत म्हणाला, "कागद येईल बोलले तुम्हाला. मला वाटलं, आला असंल."

होळीच्या आधी म्हणजे मी लोखंडाची भिंत घालत होते तेव्हा. मला रडू आलं नाही. मला राग आला. एवढी दीड वर्षं मी रोज चोरांना वाट मोकळी ठेवली आणि ज्याच्यासाठी ठेवली तो एकटाच आला नाही. मी काकड्याच्या पायाशी बसून त्या काडीच्या गोलाकडे बघत राहिले. मग त्याच्या बायकोने मला उठवलं आणि नाक्यापर्यंत सोडायला आली.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आई ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि सुपातले तांदूळ पातेल्यात ओतले. मी तिच्याशेजारी बसले. कोंबडा अंगणात दाणे टिपत होता.

मी फोन काढला आणि गाव उघडलं. सकाळीच कोणीतरी लुटून गेलं होतं. भिंतीचा एक तुकडा घेता येईल एवढं सोनं शिल्लक होतं. मी तो घेतला. बोरीच्या झाडापाशी बोट नेलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि मग तुकडा बसवला. भिंत सगळीकडून मिळून आली.

आई माझ्या खांद्यावरून बघत होती. "अगं, ती तर..." ती म्हणाली आणि थांबली.

मी तिच्याकडे बघू शकले नाही. मग सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला. तांदूळ तर तिने मघाशीच पातेल्यात ओतले होते. आई रिकामं सूप पाखडत होती.