मागची काच

मी एक जुनी मोटार आहे, आणि मला दार एकच आहे, तेही तोंडावर. मित्रांनो, इतर गाड्यांची दारं कुशीला असतात. माझं मात्र अख्खं नाकच बिजागरीवर बसवलेलं. ते उघडलं की स्टिअरिंगही त्याच्याबरोबर बाहेर झुलतं आणि माणूस रस्त्यावरून थेट माझ्या पोटात पाऊल टाकतो. चाकं तीन, आकार अंड्याचा, आणि रिव्हर्स गिअर नाही. तो बसवायचा राहून गेला असं समजू नका. एवढीशी तर गाडी, मागे न्यायची तर उतरून ढकला, असा कारखान्यातल्या शहाण्यांचा विचार होता.

तो कारखाना लवकरच बंद पडला. पहिल्या मालकानं मला हौसेनं घेतलं आणि मेहुणा हसला म्हणून विकलं. मग एका बेकरीत मी पाव वाहिले. नंतर बरीच वर्षं एका खुराड्याच्या आडोशाला पडून होते. कोंबड्यांना मी फार आवडत असे. आकारामुळे असेल.

तिथून मला दातांच्या डॉक्टरांनी सोडवलं. सुट्टीच्या दिवशी ते बाह्या वर करून माझ्याखाली आडवे होत. गंज खरवडला, रंग दिला, इंजिनाचा एकेक स्क्रू धुतला.

"दिवसभर लोकांना आ करायला लावता, ते कमी पडलं म्हणून आता हिला," त्यांची बायको म्हणाली.

"ही निदान बोट चावत नाही," डॉक्टर म्हणाले.

मग आमच्याकडे गाड्यांचे शौकीन जमू लागले. डॉक्टरांची मतं ठाम होती. सोयीची गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट, त्यात सामान मावतं, जीव रमत नाही, असं ते म्हणत. एका गाडीची दारं पंखांसारखी वर उघडतात. तिच्याबद्दल त्यांचं म्हणणं, पंखांना आभाळ लागतं आणि गॅरेजला छत असतं, म्हणूनच ती सुंदर. दुसऱ्या एकीचं स्टिअरिंग मधोमध होतं. "चालवणाऱ्याला दोन्ही कानांनी बोलणी खावी लागायची, म्हणून खपली नाही," ते सांगत.

"आणि आपली?" त्यांची मुलगी विचारायची.

"आपल्या गाडीत शिरायचं तर तिच्या समोर उभं राहावं लागतं. बाकीच्या गाड्यांत माणूस बाजूनं शिरतो, चोरासारखा."

गॅरेज अरुंद होतं, आणि जमीन भिंतीकडे उतरती. मी आत शिरले की डॉक्टरांची बायको भिंतीला पाठ लावून उभी राहायची, पदराला हात पुसत. तिच्या अंगाएवढी जागा पुढे सुटली की माझं दार उघडायला पुरे. "अहो, बास. मला चेपायचा विचार आहे का?" ती म्हणायची, आणि ते ब्रेक दाबायचे. भांडण असलं तरी ती यायची. त्या दिवशी फक्त "बास" म्हणायची.

एकदा चेंडू लागून माझी मागची काच तडकली. ती काच फुगीर होती, पोटासारखी, आणि तशी आता जगात कुठेच बनत नाही. डॉक्टरांनी कुठं कुठं चौकशी केली. शेवटी एक शौकीन वारल्यावर त्याच्या भावाकडून ती मिळाली. गोधडीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन डॉक्टर घरी आले. "माझ्या चष्म्याची काच फुटलीय कधीची," बायको म्हणाली. "तिचंही बघा जमलं तर."

तो चष्मा नवा झाला, पण तिला तो फार दिवस लागला नाही. आजार झपाट्यानं वाढला आणि ती गेली.

मुलगी येऊन म्हणाली, "बाबा, ही गाडी काढून टाका आता. एकट्याचं काम नाही हे."

"मी हळू चालवतो."

"हळूचा प्रश्न नाही. भिंतीपाशी उभं कोण राहणार?"

"भिंत आहे की उभी."

ती हसली नाही.

एका कडक दुपारी आम्ही बाहेरून आलो. उन्हातून एकदम अंधारात शिरताना डॉक्टरांचा पाय ब्रेकवरून घसरला आणि माझं नाक भिंतीला जाऊन भिडलं. बोट जाईल एवढीही फट राहिली नाही. दार उघडेना. उतारामुळे मी मागेही सरकेना. बाजूच्या खिडक्या हात बाहेर काढण्यापुरत्या. गॅरेजचं छत पत्र्याचं, आणि ते तापलेलं.

त्यांनी हॉर्न वाजवला. माझा हॉर्न बदकासारखा आहे. तो ऐकला की गल्ली हसते. समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्यानं मान वर केली.

"डॉक्टर, आज गाडी खुशीत दिसतेय," तो ओरडला.

डॉक्टरांनी हाक मारली, ती रस्त्यापलीकडे पोचली नाही, म्हणून खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. त्यानंही हात हलवला, आणि दुकान ओढून घेऊन तो जेवायला गेला.

सीटखाली मोठा पाना होता. डॉक्टरांनी तो उचलला, कसेबसे मागे वळले आणि काचेवर नेम धरला. काच फुटली असती. एवढा जोर त्यांच्यात अजून होता. हात वर तसाच राहिला. मग त्यांनी पाना मांडीवर ठेवला, आणि काचेवर बोटांचे ठसे उठले होते ते बाहीनं पुसले. "येईल कोणीतरी," ते मला म्हणाले.

बऱ्याच वेळानं त्यांनी पुन्हा पाना धरला. तेव्हा तो त्यांना उचलवेना.

सायकलवाला जेवून आला तेव्हा डॉक्टरांचा हात खिडकीबाहेर नुसताच लोंबत होता. तो धावला. त्यानं काच बघितली नाही, किंमत विचारली नाही. दगड घेतला आणि फोडली. डॉक्टरांना ओढून बाहेर काढून जमिनीवर निजवलं, तोंडावर पाणी मारलं. त्यांनी डोळे किलकिले केले.

"काच फोडलीस?"

"फोडली, डॉक्टर. पाणी घ्या आधी."

त्यांना इस्पितळात नेलं. तिथून ते घरी आले नाहीत.

पुढे एक शौकीन मला बघायला आला. माझ्याभोवती फिरला, हळहळला, खूश झाला. "काच तेवढी गेलीय. पण मी शोधीन. वाटेल ते करून बसवीन."

"काच बसवायची नाही, या अटीवर घेऊन जा," मुलगी म्हणाली.

"अहो ताई, मग गाडीला राहिलं काय?"

"मग राहू दे इथंच."

तो गेला. गॅरेजचं दार आता उघडंच असतं, मागच्या भोकातून पाऊस आत येतो, सीट कुजलीय, तळाच्या पत्र्याला भोकं पडलीत. मुलगी मला विकत नाही आणि पुसतही नाही. मला तिचं पटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. तेल द्या, फडक्यानं पुसा, त्यांचे लाड करा; आम्हाला ते आवडतं. पण कधी आमच्यात आणि माणसात निवड करायची पाळी आली, तर हात वर ठेवून विचार करत बसू नका. फोडा. त्या दुपारी माझी काच फुटली तेव्हा मला काहीसुद्धा झालं नाही, एवढंच डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं. आम्हाला लागत नाही.