सुतात सरळ केलेला अ‍ॅक्सल

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅक्सल आहे. खरं सांगायचं तर आता माझे दोन तुकडे झाले आहेत. भंगारवाल्याच्या आवारात एका गंजक्या कपाटाला टेकून पडलो आहे. अ‍ॅक्सल म्हणजे ट्रॉलीच्या पोटाखालचा आडवा लोखंडी दांडा. त्याच्या दोन टोकांना दोन चाकं फिरतात. ट्रॉलीला लोक रंग देतात, तिच्या फळीवर हौसेनं नाव लिहितात. मला बघायचं तर जमिनीला पाठ टेकावी लागते, आणि ते कष्ट कोण घेतो? पूर्वी मला याचा राग येई. आता राग उरला नाही. मी ज्यांना वाहून नेत होतो त्यांच्यातल्या एकाचं जे झालं, ते सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा मुद्दाम थोडं वाकवलं होतं. मधोमध, वरच्या बाजूला, जेमतेम बोटभर. ट्रॉलीत माल भरला की ती कमान भाराखाली दबते आणि मी सरळ होतो, चाकं ताठ उभी राहतात. रिकामा असताना किंचित वाकडा आणि कामावर असताना सरळ, असा आमचा स्वभाव. माणसांत बरेचदा याच्या उलट असतं, असं मी ऐकून आहे.

मी ज्या ट्रॉलीखाली लागलो ती एका गवंड्याची होती. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मिस्त्रींचा हात असा, की त्यांनी बांधलेल्या भिंतीवर लोक गाल टेकवून एका डोळ्यानं बघत आणि मान डोलावत. त्यांच्या खिशात कायम सुताची गुंडी असे. दोन टोकांना खिळे, मध्ये ताणलेलं सूत, आणि त्याला लागून विटा. घरात फळी ठोकायची असो की अंगणात झाडं लावायची असोत, मिस्त्री सूत लावल्याशिवाय हलत नसत. त्यांची मुलगी थट्टेनं म्हणे, की बाबा भाकरीलाही सूत लावतील.

या मुलीला सगळे धाकटी म्हणत. ट्रॉली ओढणारी जीप तीच चालवायची. पुढे धाकटी, मागे ट्रॉलीत माल, आणि मालावर मिस्त्री नि त्यांची चार माणसं. सकाळी कामावर, संध्याकाळी घरी. सहा वर्षं मी त्यांना विनातक्रार नेलं. धाकटी मात्र दर फेरीनंतर खाली वाकून चाकाच्या मध्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघे. आईनं तापल्या पोराचं कपाळ बघावं तसं. मला ती आवडत असे, हे लपवून काय करू?

मग वाळूचा दिवस आला. मिस्त्री माल घमेल्यांनी मोजत. इतकी घमेली झाली की ट्रॉली भरली, असा त्यांचा वर्षांचा हिशेब. त्या दिवशी घमेली तेवढीच होती, पण शेजारची टाकी फुटून वाळू पाण्यानं थबथबली होती. तिचं वजन किती वाढलंय ते कोणी बघितलं नाही. रस्त्यात एका चरात डावं चाक आदळलं आणि मी खाली वाकलो. दोन्ही चाकांची डोकी एकमेकांकडे झुकली. मला फार लाज वाटली.

ट्रॉली वेल्डरकाकांकडे गेली. काकांनी खाली शिरून मला पाहिलं आणि सांगितलं, की हा काढा आणि नवीन बसवा, वाकलेल्या अ‍ॅक्सलचा भरवसा नसतो. मिस्त्री हसले. लोखंडच ते, वाकलं तसं सरळही होईल, म्हणाले. काका पुटपुटले, की याला मुळात थोडी कमान असते बहुतेक. त्या ‘बहुतेक’नं घात केला. मिस्त्रींनी खिशातून सूत काढलं.

“माझ्या हातून आजवर तिरकी भिंत उभी राहिली नाही,” ते म्हणाले. “सुताला लागेपर्यंत सरळ करा. सूत खोटं बोलत नाही.”

काकांनी मला लालभडक तापवलं, जॅक लावून दाबलं, वरून पाणी ओतलं. तापलेल्या लोखंडावर असं पाणी ओतलं की ते आतून ठिसूळ होतं, हे काकांना माहीत होतं. पण मिस्त्री घाई करत होते आणि काकांना भांडण नको होतं. शेवटी मी सुताला असा लागलो, की मधून कागदही जाईना. मिस्त्री खूश झाले. वरून काळा रंग दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मित्रांनो, रिकामा असताना जो सरळ, तो भाराखाली खाली झुकणारच. दर फेरीला मी पोटातून ताणला जाऊ लागलो. महिन्याभरात माझ्या खालच्या अंगाला, तापवलेल्या जागी, केसाएवढी चीर पडली. ती रंगाखाली होती. मला बोलता येत नाही. मी एवढंच करू शकत होतो, की चाकांच्या आतल्या कडा झिजवायच्या, बेअरिंग तापवायचं आणि वळणावर कुरकुरायचं. तेवढं मी जीव तोडून केलं.

धाकटीला ते कळलं. टायर आतल्या बाजूनं गुळगुळीत झालेत, हात टेकवत नाही इतकं चाक तापतंय, असं तिनं वडिलांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मिस्त्रींनी खाली सूत लावून दाखवलं. दोन्ही वेळा ट्रॉली रिकामी होती आणि दोन्ही वेळा मी सरळ होतो. टायरच हलके निघाले, असं ठरलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी मिस्त्रींची खात्री होती. आणि मी त्यांच्या खोट्या साक्षीला उभा होतो. माझी मान खाली गेली असती, पण तीही सरळ करून टाकलेली होती.

त्या दिवशी उतारापलीकडच्या घरासाठी फरशांची खोकी भरली. वर माणसं बसली. चीर आता बोटभर लांब झाली होती आणि प्रत्येक खड्ड्याला ती थोडी उघडून मिटत होती. उतार सुरू व्हायच्या आधी धाकटीला जळका वास आला. तिनं जीप थांबवली, चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. चौघं निमूट उतरले. मिस्त्री खोक्यांवरून हलले नाहीत. चार माणसांसमोर मुलीनं आपलं काम खोटं ठरवावं, हे त्यांना लागलं होतं.

“बाबा, उतरा. आपण चालत जाऊ.”

“मी इथंच बसतो. माझ्या मापावर मी बसायचं नाही तर कोणी बसायचं?”

“मग मी जीप पुढं घेणार नाही.”

“किल्ली दे. मी घेतो.”

मिस्त्रींना गाडी नीट येत नव्हती. धाकटी थोडा वेळ किल्ली मुठीत धरून उभी राहिली. मग पुन्हा जीपमध्ये बसली आणि अगदी सावकाश निघाली. तिनं वडिलांचं ऐकलं, यात तिचं चुकलं का? मी इतके दिवस पडून विचार करतोय, मला ठरवता येत नाही. मी त्या उतारावर जेवढा धरता येईल तेवढा जीव धरला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर सगळा भार एका बाजूला आला आणि मी तुटलो.

आवाज फार मोठा झाला नाही. डावं चाक आत मुडपलं, ट्रॉली कलंडली, मिस्त्री खाली पडले आणि फरशांची खोकी त्यांच्यावर आली. धाकटीनं आणि धावत आलेल्या चौघांनी एकेक खोकं उचललं. मिस्त्री शुद्धीवर होते. ते मुलीच्या ओढणीचं टोक धरून राहिले.

मिस्त्री वाचले. मांडीचं हाड मात्र नीट जुळलं नाही. आता ते दारात खुर्चीवर बसतात आणि कामं धाकटी बघते. तिनं नवीन अ‍ॅक्सल आणला, तेव्हा मी अजून त्यांच्या अंगणातच पडलेलो होतो. बसवणाऱ्या फिटरनं तो हातात फिरवून दाखवला: ही कमान वर ठेवायची, भार पडला की सरळ होते. मिस्त्री खुर्चीतून ऐकत होते.

“म्हणजे रिकामा असताना सरळ दिसला, तर तो बिघडलेला?” त्यांनी विचारलं.

फिटर हो म्हणाला. मिस्त्रींनी आपल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, “हिला विचारून बसवा. मला दाखवू नका.”

धाकटीनं मान वळवली. ती रडत होती, हे मी पाहिलं.

माझी गोष्ट इथं संपली असती, तर मी समाधानानं वितळायला गेलो असतो. पण काल या भंगाराच्या आवारात एक माणूस आला. भला माणूस असावा, बोलणं गोड होतं. त्यानं माझे दोन्ही तुकडे उचलले, टोकाला टोक जुळवून बघितलं आणि भंगारवाल्याला म्हणाला, “वेल्डिंग मारलं तर चालून जाईल. आमच्या ट्रॉलीत माल नसतोच. घरचीच माणसं बसतात.”

भंगारवाल्यानं मला बाजूला काढून ठेवलं आहे. तो माणूस उद्या न्यायला येणार आहे. मित्रांनो, मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. तो रस्त्यात कुठं भेटला, तर त्याला थांबवा.