राजाच्या हाताचा टिळा

घटस्थापनेला कमलाकाकू देवघरात घटाशेजारी आणखी एक द्रोण पेरतात आणि उजेड लागू नये म्हणून कोनाड्यात झाकून ठेवतात. अंधारात वाढलेले कोंब पिवळेधमक येतात. "अगो, तो नेपाळी कायमचा गावी गेला, तुझं नेपाळ काही सुटत नाही," असं दत्तात्रेय दरवर्षी म्हणतात. काकू लक्षच देत नाहीत. दिवसभर पेपर चाळत बसणाऱ्या नवऱ्याला काय उत्तर द्यायचं!

धनबहादूर त्यांच्या कातळावरच्या आंब्याच्या बागेचा राखणदार. कामाला पक्का, हट्टाला त्याहून पक्का. त्याच्या खोपीत एक चूल, दोन घोंगड्या आणि भिंतीवर नेपाळच्या राजा-राणीची तसबीर. हंगामातला पहिला हापूस ग्रामदेवतेला जाई, दुसरा त्या तसबिरीपुढे, आणि मग पेट्या भरायला सुरुवात. "बाग माझी आणि नंबर तिसरा!" दत्तात्रेय चिडवायचे. धनबहादूर हसायचा आणि तीच गोष्ट नव्यानं सांगायचा. तरुणपणी एका दसऱ्याला तो काठमांडूला राजवाड्यापुढच्या रांगेत उभा राहिला होता, आणि राजानं स्वतःच्या हातानं त्याला दही-तांदळाचा लाल टिळा लावला होता.

"बोट गार होतं वहिनी," तो सांगे. "एकदम गार. देवाचं असतं तसं."

किती वेळा ऐकली ती गोष्ट! आता ऐकवणारा नाही, तर काकूंना तिच्यावाचून करमत नाही.

एका हंगामाला त्याचा मुलगा हर्क बागेत कामाला आला. तसबिरीपुढचा आंबा बापानं प्रसाद म्हणून पुढे केला, तर पोरगा म्हणाला, "राजाचं उष्टं मी खात नाही. त्याला गादीवरून उतरवायला निघालोय आम्ही." झालं! बापाचं डोकं फिरलं. "माझ्या हातचा टिळा तुला पुन्हा नाही," म्हणाला. त्यांच्याकडे दसऱ्याला बापानं मुलाच्या कपाळी टिळा लावायचा, कानामागे पिवळे कोंब खोवायचे, आशीर्वाद द्यायचा. तो टिळा तोडला म्हणजे नातंच तोडलं.

हर्क निघून गेला. धनबहादूरही मग दसऱ्याला गावी जाईना. काकू घटाचे कोंब द्यायच्या, ते तो मुकाट्यानं कानामागे खोवी. कपाळाला मात्र कुणाचा हात लावून घेत नसे.

दोन हजार आठच्या मे महिन्यात, आंबा सरत आला असताना, रेडिओवर बातमी आली. राजाची गादी गेली, नेपाळ प्रजासत्ताक झालं. आसपासच्या बागांतल्या नेपाळी पोरांनी डबे बडवले, गुलाल उधळला. मे महिन्यात गुलाल कुठून आणला देव जाणे.

धनबहादूर खोपीच्या दारात बसून होता. "एवढी जुनी गादी वहिनी. मतं मोजली आणि गेली?"

काकूंना राजाचं सोयरसुतक नव्हतं. त्या कळत्या झाल्या त्याच मुळी मतं देणाऱ्या देशात. पण त्याच्याकडे बघून त्या तिथंच त्याच्याशेजारी टेकल्या.

त्या दसऱ्याला सकाळी हर्क बागेच्या दगडी गडग्यापाशी येऊन उभा राहिला. प्रवासानं चेहरा काळवंडलेला. आईनं पाठवलंय म्हणाला, आणि खोपीत जाऊन बापासमोर मान खाली घालून बसला. काकूही मागोमाग आल्या.

"राष्ट्रपतीकडं जा," धनबहादूर म्हणाला. "आता तोच लावणार ना टिळा?"

"त्याच्याकडं जायचं असतं तर एवढ्या लांब कशाला आलो असतो, बाबा? राजाबद्दल बोललो ते मागं घेणार नाही. पण कपाळ कोरडं आहे माझं."

धनबहादूर काकूंकडे वळला. म्हणाला, "मोठ्यानं आपल्याला लावायचा, मग आपण लहानाला. आई-बाप कधीच गेले. आता राजाही नाही. माझ्याहून मोठं कोण उरलंय?"

"मी मेले काय रे?" काकू कडाडल्या. "तुझ्याहून मोठी आहे मी! तुझ्या राजानं त्या दिवशी हजारोंना टिळे लावले, तुझं तोंड तरी आठवत असेल त्याला? आणि हा पोर तेच तोंड बघायला देश ओलांडून आलाय."

रागारागातच घरी जाऊन त्यांनी वाटीत दही, तांदूळ आणि कुंकू कालवलं. घटाचे कोंब खुडून आणले. आता हा उठून जाणार, असं त्यांना वाटत होतं. पण धनबहादूरनं टोपी काढली आणि त्यांच्यापुढे वाकला. राजासाठी राखलेल्या त्या कपाळावर काकूंनी टिळा लावला आणि कानामागे कोंब खोवले.

"तुमचं बोट गरम आहे वहिनी," तो डोळे मिटून म्हणाला.

"चुलीपुढून उठून आलेय मी. गार कुठून असणार?"

मग त्यानं वाटी घेतली आणि हर्कच्या कपाळावर एवढा मोठा टिळा थापला की दह्याचे ओघळ त्याच्या भुवयांवर आले. हर्क रडत होता आणि हसतही होता.

वाटीत थोडे तांदूळ उरले होते. ते बोटावर घेऊन धनबहादूर तसबिरीपुढे गेला, जरा थांबला आणि काचेवर, राजाच्या कपाळाच्या जागी, त्यानं ते अलगद चिकटवले.

"ह्याला तरी आता कोण लावणार, वहिनी?"